रिसेलचा फ्लॅट एकट्या आपल्याकडे द्यायला मालकाला कसं पटवायचं?

नवा_एजंट_पुणे:
कोथरूड-कर्वेनगरमध्ये रिसेलचं काम करतो. मालक म्हणतात, "आणा गिऱ्हाईक, मग बघू." एकच फ्लॅट सात-आठ एजंटांकडे, पोर्टलवर प्रत्येकाचा भाव वेगळा. एक्सक्लुझिव्ह मागितलं की बोलणंच संपतं. मालकासमोर काय घेऊन जावं?

कागदवाला:
त्याच सोसायटीतल्या विक्रीचे इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) घेऊन जा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरचा ई-सर्च मोफत आहे. वर्ष, तालुका, गाव आणि मिळकत क्रमांक लागतो. मिळकत क्रमांक म्हणजे इथे सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर. तो त्या सोसायटीतल्या कुठल्याही करारनाम्यात सापडतो.

गहाणखतं, भाडेकरार, बक्षीसपत्रं बाजूला काढा. उरलेल्या खरेदीखतांतून मोबदला, क्षेत्रफळ, मजला आणि नोंदणीची तारीख एका कागदावर मांडा. 'बाजारमूल्य' हा रकाना रेडी रेकनरचा, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेल्या दराचा असतो, त्याला विक्रीचा भाव समजू नका.

क्षेत्रफळात बरेच जण फसतात. जुन्या करारात बिल्टअप (भिंतींसकट) असतं, नव्यात कार्पेट (आतलं वापरायचं), तेही चौरस मीटरमध्ये. ६०.४ चौ.मी. म्हणजे ६५० चौ. फूट. सगळे आकडे कार्पेटवर आणल्याशिवाय दर काढलात तर मालकाच्या फ्लॅटची किंमत कागदावर काही लाखांनी चुकते, आणि तो इंजिनिअर असेल (कोथरूडात असतोच) तर तिथेच पकडतो.

फ्लॅट मिळवण्यासाठी फुगवून भाव सांगणारे पुष्कळ आहेत. असा फ्लॅट पोर्टलवर शिळा होतो, आणि मग येणारं प्रत्येक गिऱ्हाईक "इतके दिवस का पडून आहे?" म्हणत भाव पाडतं.

हिशेबी:
वरच्याला जोड. मालकाला शेवटी 'हातात किती पडणार' हेच हवं असतं. उदाहरणार्थ: किंमत ९० लाख, बाकी कर्ज १८ लाख, दलाली १ टक्का म्हणजे ९० हजार, खरेदीदार कापणार तो १ टक्का टीडीएस म्हणजे आणखी ९० हजार. राहिले ७० लाख २० हजार. ५० लाख किंवा त्याहून मोठ्या व्यवहारात हा टीडीएस कापला जातोच; तो करात वळता होतो हे सांगा, नाहीतर मालकाला पैसे गेल्यासारखे वाटतात. सोसायटीचं हस्तांतरण शुल्क जास्तीत जास्त २५ हजार, ते कोण भरणार हे आधीच ठरवा. भांडवली नफ्याचा कर मात्र त्यांच्या सीएवर सोडा. तिथे एजंटाने छातीठोक बोलू नये.

नवा_एजंट_पुणे:
आणि आई-वडील गेल्यावर मुलांनी विकायला काढलेले फ्लॅट? एक भाऊ इथे, एक अमेरिकेत?

कागदवाला:
तिथे आधी कागद, मग गिऱ्हाईक. शेअर सर्टिफिकेटवर नॉमिनीचं नाव चढलं म्हणजे तो एकटा मालक होत नाही. मृत्युपत्र नसेल तर सगळ्या वारसांनी सही करायची, किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं. परदेशातल्याचं कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी) भारतीय वकिलातीतून किंवा अपोस्टिल (तिथल्या सरकारचा प्रमाणशिक्का) करून यायला हवं, आणि भारतात आल्यापासून ३ महिन्यांत त्यावर मुद्रांक भरायला हवा. अनिवासी विक्रेत्याला १ टक्क्याचा नियम लागू नाही, टीडीएस बराच जास्त कापला जातो. तो कमी करून घ्यायचा दाखला आयकर खात्याकडून मिळायला वेळ जातो, म्हणून विसार घेण्याआधीच अर्ज करायला सांगा. खरेदीदाराच्या बँकेने कागद परत केल्यावर हे उघडकीला आलं तर विसार परत करायची वेळ येते. कागदांची ही यादी पहिल्या भेटीत समोर ठेवलीत तर एक्सक्लुझिव्हचा विषय बहुधा तेच काढतात.

हिशेबी:
काढला तर ४५ दिवसांपुरतंच लेखी घ्या. जाहिरातीत एकच भाव, दर रविवारी कोण येऊन गेलं आणि काय म्हणालं याचा व्हॉट्सअॅपवर हिशेब, आणि मालकाने स्वतःच्या नातेवाइकाला विकला तर दलाली नाही, एवढं पत्रात असू द्या. शेवटची अट घातली नाही तर मालक सही करत नाही.