खाओ सोईसाठी चिआंग माई कशाला, म्हणणाऱ्यांना उत्तर

रानवाटा:
परवा इथे एक पोस्ट वाचली. म्हणे खाओ सोई, म्हणजे नारळाच्या दुधाच्या मसालेदार रश्श्यातले नूडल्स, बँकॉकच्या मॉलमधल्या फूड कोर्टात खाल्ली की झालं, त्यासाठी उत्तर थायलंडात चिआंग माईला जायची काही गरज नाही, तिथली सगळी दुकानं तेलकट आणि चव इथूनतिथून सारखी. वर ढीगभर लोकांचं अनुमोदन. डोकंच फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

तेलकट म्हणजे काय हो? नारळाच्या दुधात मसाला परतला की तेल सुटणारच, आपल्या रश्श्याला तर्री नसली तर आपणच नाक मुरडतो ना? आणि सारखी चव तर अजिबातच नाही. नाइट बझारजवळ बान हो मशिदीच्या गल्लीत खाओ सोई इस्लाम नावाचं दुकान आहे, तिथला रस्सा पातळ, कोरड्या मसाल्याचा वास पुढे आणि गोडवा कमी. ही वस्ती चीनमधल्या युनानहून खेचरांचे तांडे घेऊन येणाऱ्या मुस्लिम व्यापाऱ्यांची, पदार्थ त्यांच्याकडूनच इकडे आला असं मानतात, म्हणून तिथे पोर्क नाही, चिकन घ्या नाहीतर बीफ. तिथून जुन्या शहराच्या उत्तरेला खंदकाजवळ खुन याई या दुकानात जा, रस्सा दाट, नारळ भरपूर, जरा गोडसर. सान्तिताम भागातल्या खाओ सोई मे साई या दुकानाचा तिखटपणा मला या दोघांपेक्षा जास्त आवडतो.

वाटी समोर आली की आधी लिंबू पिळू नका. तळाला पिवळे चपटे नूडल्स, त्यावर हाडापासून सुटत आलेली कोंबडीची तंगडी, वर तळलेल्या नूडल्सचं कुरकुरीत जाळं. सोबत छोट्या बशीत मोहरीच्या पाल्याचं आंबट लोणचं, कच्चे छोटे कांदे, लिंबाची फोड, आणि तेलात परतलेल्या मिरचीची काळपट चटणी. पहिला घोट नुसता घ्या. मग लोणचं, कांदा. लिंबू आणि चटणी शेवटी. सगळं एकदम ओतलं की सगळी दुकानं सारखीच लागणार!

मुलुंडचा_मी:
ती पोस्ट माझी. एवढा राग कशाला? सोबत आईबाबा आणि लहान पोरगी होती, पॅकेज बँकॉक-पट्टायाचं. रेल्वेने सातशेच्या वर किलोमीटर एका वाटीसाठी जाऊ का? फूड कोर्टात एसी, फोटोवाला मेनू, बसायला जागा. नंतर एकटा चिआंग माईला गेलो तेव्हा फार ऐकलेल्या एका दुकानात तासभर उन्हात उभं राहून कोमट रस्सा मिळाला. खाण्याच्या चांगल्या जागा निवडणाऱ्या मिशेलिन गाइडचं लाल स्टिकर लागलं की लोक डोळे झाकून रांग लावतात, चव कुणी बघत नाही.

रानवाटा:
मग एका कोमट वाटीवरून अख्खं शहर निकालात काढलंत? माझा आक्षेप तोच आहे. आणि मिशेलिनचा गाइड चिआंग माईत २०२० च्या आवृत्तीपासून आला, ही दुकानं त्याच्या कितीतरी आधीची. तुमच्या त्या रांगेचा दोष रश्श्याला का देता?

तुळशीवृंदावन:
तुमचं चालू द्या, पण शाकाहारी माणसाने काय करायचं ते कुणीच लिहीत नाही. दरवेळी तंगडी आणि बीफ! माझ्या सासूबाईंना अंडंही चालत नाही. टूरवाल्याने छातीठोक सांगितलं की व्हेज आहे, त्या अर्धी वाटी जेवल्या आणि मग कळलं की आत माशाचा सॉस. दोन दिवस नुसत्या फळांवर राहिल्या. नूडल्ससुद्धा अंड्याचे असतात हे तेव्हा कुणी सांगितलं?

बाणेरकर_७:
परदेशात जाऊन तिथल्या लोकांनी तुमच्यासाठी स्वयंपाक बदलावा ही अपेक्षाच चूक. नसेल चालत तर ठेपले न्या.

तुळशीवृंदावन:
बदला कोण म्हणतंय? खरं सांगा एवढंच म्हणतेय. पैसे घेऊन खोटं बोलणं आणि न जमणं यात फरक आहे. आणि ठेप्ल्यांवरून टोमणे मारायचं काम नाही, म्हातारं माणूस परक्या गावात उपाशी बसलेलं तुम्ही पाहिलं नसेल.

घाटमाथा:
ताई, राग बरोबर आहे, पण उपाय आहे. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात 'जे' लिहिलेली दुकानं शोधा. तिथे मांस, मासे, अंडं, दूध काहीच नसतं, लसूण-कांदाही नाही. 'मांग्साविरत' म्हणजे नुसतं शाकाहारी म्हटलं तर अंडं येऊ शकतं, म्हणून सासूबाईंसाठी 'किन जे', म्हणजे 'जे' खातो, असं म्हणायचं. चिआंग माईत अशी खानावळ शोधायला फार फिरावं लागत नाही, मशरूम-टोफूची खाओ सोई आम्ही तिथेच खाल्ली. साधारण ऑक्टोबरात चिनी पंचांगाप्रमाणे या 'जे' जेवणाचा नऊ दिवसांचा उत्सव असतो, तेव्हा तर रस्तोरस्ती पिवळे झेंडे.

बाणेरकर_७:
लसूण-कांदा काढला, नूडल्स बदलले, मासळीचं खारटपण गेलं. मग तिला खाओ सोई कशाला म्हणायचं?

घाटमाथा:
दोन्हीकडून कसं चालेल? आधी म्हणालात त्यांनी बदलू नये, आता त्यांनीच स्वतःच्या धर्मासाठी बदललेलं आहे तर तेही खरं नाही. युनानी मुसलमानांनी आपल्या पद्धतीने केली, उत्तरेच्या थाई लोकांनी त्यांच्या, 'जे' वाल्यांनी त्यांच्या. लाओसमध्ये लुआंग प्राबांगला तर नारळच नाही, वर टोमॅटो आणि आंबवलेलं सोयाबीन घातलेला मांसाचा खिमा असतो, नाव मात्र तेच.

पार्लेकरीण:
मुंबईत मिळते ना खाओ स्वे, काळा घोड्याला बर्मा बर्मामध्ये, पूर्ण शाकाहारी! एवढं भांडण कशाला?

रानवाटा:
ती बर्मी, वेगळी. तिला बेसनाने दाटपणा येतो, आंबट पाल्याचं लोणचं नसतं. चांगली असते, मीही आवडीने खातो. पण ती खाल्ली म्हणजे चिआंग माईची खाल्ली असं होत नाही.

मुलुंडचा_मी:
बरं, 'सगळी सारखी' हे वाक्य मागे घेतो, झालं समाधान? फूड कोर्टाचं मात्र घेणार नाही. माझ्या वडिलांचे गुडघे घेऊन कोण त्या गल्ल्या फिरणार?

रानवाटा:
वडिलांना घेऊन फिरायला कोणी सांगितलं नाही. बान होची गल्ली सपाट आहे, टॅक्सी जवळपर्यंत जाते. शुक्रवारी सकाळी मशिदीसमोर युनानी लोकांचा बाजार भरतो, तेव्हा जा, लोणची आणि डोंगरातल्या भाज्या त्यांनाही बघायला आवडतील. खुन याई गाठायची असेल तर मात्र दुपारची वाट बघू नका, लवकर बंद होते.

तुळशीवृंदावन:
घाटमाथा, 'किन जे' थाई अक्षरांत कागदावर कुणी लिहून देईल का? सासूबाई पुन्हा जायचं म्हणताहेत आणि यावेळी मी टूरवाल्याला विचारणारच नाहीये.