चोऱ्या करणारा पोर आता कासवमित्र: शाळेत बोलवावं का?

खाडीपल्याड:
आमच्या गावच्या शाळेत स्नेहसंमेलनाला एका तरुणाला बोलवायचं घाटतंय. दापोली तालुका, गावाचं नाव मुद्दाम देत नाही. नववीत शाळा सुटली, सोळाव्या वर्षी दारू, बोटींवरचं डिझेल चोरणं, मारामाऱ्या. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. पाणी ओसरल्यावर गाळ काढायला गावातून टेम्पो निघाला, त्यात हा चढला. गावात कोणी दारात उभं करत नव्हतं, म्हणून चढला असेल. तिथे एका आजींच्या घरातला चिखल त्याने दिवसभर घमेल्याने उपसला. संध्याकाळी आजींनी किल्ली त्याच्याच हातात दिली, "उद्या लवकर ये, तूच उघड." त्याचा पूर्वेतिहास त्यांना ठाऊक नव्हता. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत हा दारात.

आज तो कासवमित्र आहे. हंगामात पहाटे किनारा चालतो, कासवाच्या मादीचा माग दिसला की कुत्र्या-कोल्ह्यांच्या आधी घरटं गाठतो. शंभराच्या आसपास अंडी, एकेक उचलायची, उलटीपालटी होऊ द्यायची नाहीत, हॅचरीत, म्हणजे अंडी राखायच्या कुंपणात, तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवायची. शाळा सोडलेली वाडीतली दोन पोरं आता त्याच्या मागे असतात. त्यांना त्याने उपदेश केलेला मी तरी ऐकला नाही, बादली धरायला लावली. माझं मत: बोलवा. दरवर्षी व्यसनमुक्तीवर पाहुणे बोलतात आणि मागच्या रांगेतली मुलं जांभया देतात. त्या रांगेशी कोणी बोलायचं?

माहेरवाशीण:
दादा, ज्या बोटींचं डिझेल गेलं त्यांतली एक माझ्या बाबांची. चार पैसे जोडून भरलेली टाकी, पहाटे समुद्रात जायच्या वेळी रिकामी. तुमच्या लिहिण्यात आजी आहेत, कासवं आहेत, बाबा कुठेच नाहीत. तो बाबांकडे आजवर आलेला नाही. आणि ज्या पोरांनी वडिलांबरोबर जाळी ओढत बारावी केली, त्यांना कधी शाल-श्रीफळ दिलंत? मुलं हेच शिकतील की आधी वाट्टेल ते करा, मग सत्कार होतो.

वकील, रत्नागिरी:
दोन गोष्टी. तेव्हा तो अठराच्या आतला होता. प्रकरण बाल न्याय मंडळापुढे गेलं असेल तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७४ ओळख उघड करायला मनाई करतं. 'कधीकाळचा चोर' म्हणून फलक लावणं तर सोडाच, सूत्रसंचालकानेही तोंडातून काढू नये. दुसरं, समाजसेवा करायला लावणं कायद्यालाही मान्य आहे. मुलांसाठी कलम १८ मध्ये ती आहेच, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत मोठ्यांसाठीही ती शिक्षा आहे. पाच हजारांखालची पहिलीच चोरी असेल तर ती लागू होते, पण चोरलेला माल किंवा त्याची किंमत परत केली तरच. ताईंचा मुद्दा त्यात आधीच बसलेला आहे.

चाकरमानी:
मला वेगळीच काळजी. सेवेने पोट भरत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, कासवांचा हंगामही संपलेला, हातात काम नाही. आमच्या वाडीतली पोरं याच दिवसांत पुन्हा बाटलीला लागलेली पाहिली आहेत. व्यासपीठावर चढवून आपण त्याच्यावर गावाचा आदर्श होण्याचं ओझं टाकतोय. उद्या एकदा पाय घसरला तर हेच गाव दुप्पट बोलेल. आधी त्याला बारमाही रोजगार बघा.

खाडीपल्याड:
चाकरमानी, रोजगाराचं शंभर टक्के मान्य. पण नोकरी देणारा आधी विचारतो, "याच्यावर भरवसा कोण ठेवतं?" त्याला उत्तर द्यायला गावातलं कोणीतरी उभं राहायला हवं. वकीलसाहेब, सूत्रसंचालकाला सांगतो. त्याने कासवांवरच बोलावं, मागचं सांगायचं की नाही ते त्याचं तो ठरवेल. शाल-श्रीफळ नकोच. माहेरवाशीणताई, बाबांचं मला सुचायला हवं होतं. तो आला तर बाबा भेटतील का?

माहेरवाशीण:
बाबा संध्याकाळी जेटीवर जाळी सांधत बसतात. तिथे येऊ दे, एकटा, तुम्ही सोबत नको. डिझेलचे पैसे हप्त्याने दिले तरी चालतील, पण विषय त्याने काढायचा. बाबा हो म्हणाले तर मी स्वतः संमेलनाला येईन. नाही म्हणाले तर माझा विरोध कायम समजा.