विजासनच्या लेण्यांविषयी

डोंगरातला बौद्ध विहार पाहायचा तर विदर्भातल्या माणसालाही अजिंठाच गाठावा लागतो, असे काही जण म्हणतात; ते मला पटत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीची विजासन टेकडी आपल्याकडच्या प्रत्येक उपासकाने पाहावी. तेथील मुख्य लेणे म्हणजे खडकात सरळ आत जाणारी एक लांब वाट, तिला काटकोनात फुटलेल्या आणखी दोन वाटा आणि टोकांशी बुद्धाच्या बसलेल्या मूर्ती. अजिंठ्याचे वैभव येथे नाही, पण बाहेरच्या उन्हातून आत शिरल्यावर पावलागणिक उजेड मागे पडत जातो आणि समोरची मूर्ती हळूहळू दिसू लागते, हा अनुभव मला कोणत्याही कोरीव कामापेक्षा मोलाचा वाटतो. सातव्या शतकातला चिनी बौद्ध प्रवासी ह्युएनत्संग याने वर्णिलेल्या दक्षिणेकडील कोसल देशाची राजधानी म्हणजे हे भद्रावतीच, असे पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅम यांचे मत होते; सर्व अभ्यासकांना मात्र ते मान्य नाही.

बाबासाहेबांनी १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली. त्या स्मरणार्थ दरवर्षी तेथे जाणाऱ्या गावोगावच्या मंडळींनी परतताना भद्रावतीच्या भांदक रेल्वे स्थानकावर अवश्य उतरावे. लेण्यात मात्र मेणबत्ती न लावता विजेरी न्यावी, कारण दगडावर बसलेली काजळी सहजासहजी निघत नाही.