तोंडाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये डेक्समेड: सगळ्यांनाच द्यावं का?

(डेक्समेड म्हणजे डेक्समेडेटोमिडीन, गुंगी आणणारं औषध. ते तोंडाच्या कॅन्सरच्या प्रत्येक ऑपरेशनमध्ये द्यावं का, यावर नागपुरातल्या तीन डॉक्टरांची चर्चा.)

धंतोलीकर: खर्र्यामुळे (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) नागपुरातल्या तोंडाच्या कॅन्सरच्या कितीतरी पेशंटचं तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं. त्यात जबडा, मान, फ्लॅप (दुसरीकडची त्वचा-मांस आणून जागा भरणं) मिळून तासन् तास चालणारं काम. या ताणाने ॲड्रेनॅलिन, कॉर्टिसोल (ताणाची संप्रेरकं), आयएल-६ (सूज वाढवणारं रसायन) चढतात आणि सुटलेल्या कॅन्सरपेशी टिपणाऱ्या एनके पेशी (प्रतिकारशक्तीच्या) मंदावतात. डेक्समेडेटोमिडीन अल्फा-२ रिसेप्टरवर (मज्जासंस्थेतला ताणाचा संदेश थोपवणारं केंद्र) काम करून हा ताण उतरवतं, श्वासही फारसा दाबत नाही. माझ्या मते प्रत्येक केसमध्ये चालू ठेवावं.

सीताबर्डी: सर, जागेपणी दुर्बिणीने श्वासाची नळी टाकायला डेक्समेड शंभर टक्के मान्य. पुढचं नाही. कॉर्टिसोल उतरलं म्हणजे पेशंटचं भलं झालं, हे कशावरून? इटोमिडेट या भुलीच्या औषधाच्या एकाच डोसने ॲड्रिनल ग्रंथीचं काम अडतं, कॉर्टिसोल पडतं. त्याला कुणी फायदा म्हणत नाही. शिवाय उलटीसाठी आपण ८ मिग्रॅ डेक्सामेथासोन देतोच, सूज तेही उतरवतं. मग श्रेय कुणाचं? २०१९ चा लॅन्सेटमधला स्तनाच्या कॅन्सरचा अभ्यास बघा. दोन हजारांवर महिला, एकीकडे पॅराव्हर्टेब्रल ब्लॉक (मणक्याशेजारी नसा बधिर करणं) आणि प्रोपोफॉल (शिरेतून भूल), दुसरीकडे सेव्होफ्लुरेन (श्वासातून भूल) आणि ओपिऑइड (अफूवर्गीय वेदनाशामक). कॅन्सर दोन्हीकडे साधारण १० टक्क्यांतच परतला.

धंतोलीकर: त्यात डेक्समेड नव्हतं. टाटा मेमोरियलच्या अभ्यासात स्तनातल्या गाठीभोवती ०.५ टक्के लिग्नोकेन (जागा बधिर करणारं औषध), चिरा देण्याच्या ७ ते १० मिनिटं आधी दिलं. ५ वर्षं आजारमुक्त राहणाऱ्या ८२.६ वरून ८६.६ टक्क्यांवर गेल्या. त्या घडीला आपण काय देतो, याने फरक पडतो.

सीताबर्डी: पडतो, पण ते लिग्नोकेन होतं. ते डेक्समेडच्या खात्यात नका टाकू.

मेडिकल चौक: देताना कुठे बिघडतं तेही बघा. २०० मायक्रोग्रॅमची ॲम्प्यूल (२ मिली) अधिक ४८ मिली सलाईन, म्हणजे मिलीला ४ मायक्रोग्रॅम. ६० किलोच्या पेशंटला किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅमचं लोडिंग (सुरुवातीचा डोस) म्हणजे ७.५ मिली, १० मिनिटांत. पंपावर ताशी ४५ मिली. मग दर ताशी ६ मिलीवर आणायचा. नेमकं हेच राहून जातं, अर्ध्या तासात ९० मायक्रोग्रॅम जातात आणि पल्स चाळिशीत. घाईने ढकललं तर आधी रक्तवाहिन्या आवळून बीपी चढतं, मग कोसळतं. मे महिन्यात उपाशी, पाणी कमी पडलेला पेशंट असेल तर आणखीच. फ्लॅपचा रक्तपुरवठाही धोक्यात. सेव्होफ्लुरेन कमी करा, ॲट्रोपिन (पल्स वाढवणारं) भरून ठेवा. हार्ट ब्लॉक (हृदयातले विद्युत संदेश अडणं) असेल तर देऊच नका.

धंतोलीकर: हे मान्य. बीटा ब्लॉकर (पल्स कमी करणारं औषध) चालू असेल तर लोडिंग वगळू. पण कॅन्सर परतण्याचा मुद्दा बाजूला ठेवला तरी फेंटॅनिल (ओपिऑइड वेदनाशामक) कमी लागतं, आणि ट्रॅकिओस्टोमीवरचा (गळ्यात भोक पाडून बसवलेल्या श्वासनळीवरचा) पेशंट रात्रभर शांत राहतो. तेवढ्यासाठी मी ते लावणारच.

सीताबर्डी: मग फाइलवर कारणही तेच लिहा, सर.