मदत हवी आहे: औषध लावूनही कुत्र्याच्या पिसवा जात नाहीत

माडाखालचा:
आम्ही गुहागरजवळ राहतो. आमच्या खंड्याला जुलैपासून पिसवांनी हैराण केले आहे. मानेवर टाकायच्या थेंबांची नळी आणून लावली, तेव्हा आठ दिवस बरे वाटले आणि पुन्हा तेच सुरू झाले. तीन आठवड्यांनी दुसरी नळी लावली, तिचाही अनुभव वेगळा नाही. शेपटीच्या मुळाशी चावून चावून त्याने केस काढले आहेत आणि रात्री पडवीत त्याचे खाजवणे ऐकत आम्ही जागे असतो. गणपती दहा दिवसांवर आले असून मुंबईहून येणारी चौदा माणसे त्याच पडवीत झोपणार आहेत. कृपया जालीम औषधाचे नाव सांगावे. डॉक्टरांना दाखवावे, हे मला ठाऊक आहे.

खाडीपलीकडे:
नळीत कोणते औषध होते, कुत्र्याचे वय आणि वजन किती, घरात आणखी कोणती जनावरे आहेत, यांतले काहीच आपण लिहिलेले नाही. शिवाय त्या पिसवाच आहेत की गोचिडी, हेही कळू द्या. केस विंचरून पडणारे काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवावेत. कणांभोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे खंड्याचेच पचलेले रक्त असते.

करंजाचे_तेल:
आमच्या घरी तीन पिढ्या कुत्रे आहेत आणि करंजाच्या तेलात कापूर घालून चोळण्यापलीकडे आम्ही काही केले नाही. फार झाल्या तर तंबाखूच्या पाण्याने अंघोळ घालावी. विकतच्या औषधांवर पैसे घालवू नयेत.

निवृत्त_पर्यवेक्षक:
तंबाखूचे पाणी कृपया कोणी वापरू नये. निकोटिन कातडीतून अंगात जाते, शिवाय कुत्रा अंग चाटतो. विषबाधा होऊन दगावण्याइतका तो धोका आहे. कापूरही पोटात गेल्यास वाईटच. करंजाच्या तेलाच्या वासाने पिसवा थोडा वेळ दूर राहत असतील, पण त्याने पिसवांचा वंश संपत नाही.

करंजाचे_तेल:
आमचा एकही कुत्रा दगावलेला नाही, एवढेच नम्रपणे नोंदवतो.

माडाखालचा:
कापसावर तांबडे डाग आले. त्या उड्या मारतात, त्यामुळे पिसवाच आहेत. औषध फिप्रोनिल आहे. खंड्या चार वर्षांचा गावठी कुत्रा असून वजन कधी केलेले नाही. दुकानदाराने अंदाजाने १० ते २० किलोची नळी दिली. औषध धुऊन जाऊ नये म्हणून मी लावल्यावर दोन दिवस अंघोळ घालत नाही.

खाडीपलीकडे:
दोन दिवसांनंतर काय करता?

माडाखालचा:
त्यानंतर नेहमीसारखे. सकाळ-संध्याकाळ आम्ही समुद्रावर जातो, तो लाटांत लोळतो आणि घरी आल्यावर वाळू निघावी म्हणून मी त्याला साबण लावून धुतो. यात विशेष काय आहे?

निवृत्त_पर्यवेक्षक:
विशेष तेच आहे. फिप्रोनिल कातडीवरच्या तेलात पसरते, तेलग्रंथींत साठते आणि तिथून हळूहळू वर येत राहते. रोज दोनदा समुद्र आणि वर साबण, म्हणजे ते तेलच आपण काढून टाकता. मग महिनाभराचे औषध आठवड्यात संपले तर नवल नाही. थेंब केसांवर न टाकता, केसांचा भांग पाडून, खांद्यांच्या मधोमध थेट कातडीवर टाकायचे असतात. आणि आधी वजन करा. १० ते २० किलोच्या नळीत १.३४ मि.ली. औषध असते, तर २० ते ४० किलोच्या नळीत त्याच्या दुप्पट. आमच्याकडे लोक गावठी कुत्र्याचे वजन नेहमी कमीच धरतात.

गोठ्यावरून:
आमच्या गाईला गोचिडी झाल्या होत्या, तेव्हा गुरांच्या अंगावर फवारायचे डेल्टामेथ्रिन पाण्यात कालवून गोठाभर मारले आणि उरलेले कुत्र्यालाही लावले. दोन दिवसांत सगळे साफ झाले. गाईसाठी प्रमाण हवे असल्यास सांगतो.

पडवीतली:
प्रश्न गाईचा नाही, भाऊ. शिवाय गुरांच्या औषधाची तीव्रता कुत्र्यासाठी अंदाजाने ठरवणे धोक्याचे आहे. माडाखालचे, तुमच्याकडे मांजर आहे का? याच जातीतले पर्मेथ्रिन कुत्र्यांच्या काही थेंबांत असते आणि ते मांजरांना अक्षरशः विष आहे, कारण मांजराचे यकृत ते मोडू शकत नाही. कुत्र्याशेजारी झोपून त्याचे अंग चाटणारे मांजरही त्यात सापडते.

माडाखालचा:
मांजर आहे. दोघे एकाच गोणपाटावर झोपतात. पण तिला पिसवा दिसत नाहीत, म्हणून लिहिले नाही.

पडवीतली:
मांजर दिवसभर अंग चाटून पिसवा गिळते, त्यामुळे त्या दिसत नाहीत. कुत्र्यांवर सर्रास आढळणारी पिसूसुद्धा मुळात मांजराचीच जात आहे. तिला तसेच ठेवून खंड्यावर कितीही औषध ओतले तरी उपयोग नाही. मात्र कुत्र्याच्या नळीतले थोडे तिला लावू नका.

शहरातून_गावी:
एवढ्या चर्चेपेक्षा गोळी द्यावी. माझ्या लॅब्रेडॉरला अफॉक्सोलेनरची गोळी महिन्यातून एकदा देतो. फ्लुरालेनरची बारा आठवडे चालते. पोटातून दिलेले औषध समुद्राने धुऊन जात नाही आणि पिसवा काही तासांतच मरू लागतात. माझ्या मते हा एकच शहाणपणाचा मार्ग आहे.

निवृत्त_पर्यवेक्षक:
गोळी चांगली आहे, पण प्रत्येक कुत्र्याला चालेल असे नाही. या गटातील औषधांनी काही जनावरांत थरथर किंवा आकडी येऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिला होता. खंड्याला कधी आकडी आली आहे का?

माडाखालचा:
गेल्या उन्हाळ्यात दोनदा आली होती. उन्हामुळे असेल असे वाटले.

शहरातून_गावी:
मग मी माझे म्हणणे मागे घेतो. ही गोष्ट आधी लिहायला हवी होती.

निवृत्त_पर्यवेक्षक:
गोळीचा निर्णय आता डॉक्टरांवरच सोडा आणि आकडीचे त्यांना आवर्जून सांगा. घाईने जादा नळीही लावू नका. दुसरी नळी लावून चार आठवडे होऊ द्या.

खाडीपलीकडे:
एवढ्यावर भागणार नाही. अंगावर दिसणाऱ्या पिसवा एकूण संख्येच्या जेमतेम पाच टक्के धरतात. बाकी अंडी, अळ्या आणि कोश तुमच्या पडवीत आहेत. मादी दिवसाला वीस ते पन्नास अंडी घालते आणि ती केसांतून घरंगळून गोणपाटात, जांभ्याच्या चिऱ्यांच्या फटींत पडतात. अळ्या अंधारात वाढतात व विष्ठेतले वाळलेले रक्त खातात. पावसाळ्यातली दमट हवा त्यांना मानवते. कोशात शिरलेल्या पिसवेपर्यंत फवारा पोचत नाही. माणसाचे पाऊल, ऊब किंवा श्वास जाणवेपर्यंत ती आत कित्येक महिने बसून राहू शकते. गणपतीला चाकरमानी बंद घर उघडतात, तेव्हा ओटीवर पाय ठेवताच पोटऱ्यांवर पिसवा चढतात, त्याचे कारण हेच आहे.

त्यामुळे गोणपाटे जाळून टाका. अंथरुणे कढत पाण्यात धुवा. फटी काथ्याच्या ब्रशने रोज झाडा आणि केर लगेच चुलीत घाला. पायरिप्रॉक्सिफेन असलेला फवारा मिळाला तर अंडी व अळ्यांची वाढ थांबते. मात्र वाळेपर्यंत दोन्ही जनावरांना बाहेर ठेवा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत नव्या पिसवा दिसतीलच, त्या जुन्या कोशांतल्या असतात. दहा दिवसांत पूर्ण साफ होईल असे मी म्हणणार नाही. पाहुण्यांना यंदा माजघरात झोपवावे.

गोठ्यावरून:
खंड्याच्या विष्ठेत तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसतात का, तेही पाहा. पिसू गिळल्याने एक पट्टकृमी होतो. आमच्या कुत्र्याला झाला होता.

माडाखालचा:
सर्वांचे आभार. भाताची पोती तोलायच्या काट्यावर खंड्याला उभे केले. तो २३ किलो भरला, म्हणजे दोन्ही नळ्या अपुऱ्याच होत्या. समुद्र आजपासून बंद केला आहे, त्यामुळे तो फाटकाशी बसून ओरडत आहे. गोणपाटे जाळली. आकडीसाठी सोमवारी तालुक्याच्या दवाखान्यात जातो. मांजर मात्र काट्यावर थांबेना, उलट तिने हात ओरबाडला. तिचे वजन कसे करावे?

पडवीतली:
तिला उशीच्या खोळीत घालून, खोळ हातात धरून तुम्हीच काट्यावर उभे राहा आणि तुमचे वजन वजा करा. मांजरांच्या फिप्रोनिल नळीचे माप बहुधा अर्धा मि.ली. असे एकच असते, त्यामुळे अचूक आकड्यावर अडून बसू नका. खोळ मात्र जाड घ्या.