मदत हवी आहे: आमच्या सिस्टरचं तेरावं करावं का? कॅथलिक रीत माहीत असणाऱ्यांनी सांगा

वर्धाकाठचा:

नमस्कार मंडळी. जरा घाई आहे, शुक्रवारच्या आत उत्तर पाहिजे.

आमचं गाव वरोऱ्याच्या पुढे, कापूस-सोयाबीनवाल्यांचं. गावाच्या कडेला केरळच्या सिस्टर लोकांचं कॉन्व्हेंट आणि लहानसा दवाखाना आहे. तिथल्या सगळ्यात जुन्या सिस्टर मागच्या रविवारी गेल्या. ३२ वर्षं इथेच होत्या. मी त्यांच्या हातचा, माझी पोरगीही त्यांच्याच हातची. "काहून रे बापा, गोळ्या काहून सोडल्या?" असं दटावायच्या तेव्हा बाई केरळच्या आहेत हे कोणाच्या ध्यानातही येत नसे.

मातीला अख्खा गाव गेला होता. आता गावानं ठरवलं की तेरावं आपणच करायचं, पंगत घालायची. वर्गणी जमली. पण त्यांच्या धर्माचं आमच्यापैकी कोणालाच काही ठाऊक नाही. बाकीच्या सिस्टर नव्या आहेत, काहीही विचारलं की "चालेल, चालेल" म्हणतात. ते खरं चालेल आहे की भिडेपोटीचं, काही कळत नाही.

तर, एक म्हणजे तेरावं त्यांच्यात असतं का? पिंड नाही हे कळते, पण आजी म्हणते कावळ्याला घास तरी ठेवा. दुसरं, बायांना ओटी भरायची आहे. त्यावरून चावडीवर दोन तट पडले. लग्न झालं नव्हतं म्हणून ओटी नाही, असं एक म्हणणं. आणि बोटात चांदीची अंगठी होती, मग ती कशाची, असं दुसरं. तिसरं, गुरुदेव सेवा मंडळाची पोरं म्हणतात कबरीपाशी खंजिरी भजन करू.

चौथं जरा लाजेचं. मागच्या नाताळात आमचे काका चर्चमध्ये सगळ्यांसोबत रांगेत उभे राहिले, फादरनी हातावर तो पांढरा गोल तुकडा दिला. काकांचा गुरुवार. म्हणून खाल्ला नाही, उपास सुटल्यावर घेऊ म्हणून धोतराच्या सोग्यात बांधला. एक सिस्टर अक्षरशः धावत आली. काका अजून म्हणतात, प्रसाद घरी नेला तर काय बिघडलं? आम्हालाही सांगता आलं नाही.

वसईकरीण:

तुमच्या सिस्टरना शांती मिळो. मी वसईची, जन्मानं कॅथलिक. काकांपासून सुरू करते, कारण बाकी सगळं त्यापुढे सोपं आहे.

तो आपल्या अर्थानं प्रसाद नाही. नैवेद्य दाखवून वाटतात तो प्रसाद. मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या आमच्या मुख्य उपासनेत, धर्मगुरू येशूनं शेवटच्या भोजनाच्या वेळी उच्चारलेले शब्द म्हणतात, आणि त्यानंतर ती भाकर येशूचं शरीरच होते अशी आमची श्रद्धा आहे. खूण नव्हे, आठवण नव्हे, तोच. दिसायला आणि चवीला मात्र भाकरच राहते. उरलेली भाकरही टाकत नाहीत, वेदीजवळच्या कुलपाच्या पेटीत ठेवतात. म्हणून ती धावली. काकांवर राग नव्हता, साक्षात देव सोग्यात निघाला होता! आमच्या घरातली पोरंसुद्धा सात-आठ वर्षांची होऊन, शिकवणी घेऊनच पहिल्यांदा ते घेतात. पाहुण्यांनी रांगेच्या वेळी जागेवर शांत बसून राहावं, त्यात काही कमीपणा नाही.

अंगठीचं: बऱ्याच संघांत सिस्टर कायमचं व्रत घेतात तेव्हा अंगठी मिळते. ख्रिस्ताला आयुष्य वाहिल्याची ती खूण. व्रतं तीन: ब्रह्मचर्य, दारिद्र्य, आज्ञापालन. दारिद्र्याचं म्हणजे स्वतःच्या नावावर काही ठेवायचं नाही. म्हणजे तुमच्या बाया दोन्ही बाजूंनी बरोबर आहेत, पण कबरीवर ओटी नको. तेच तांदूळ आणि नारळ मिस्सामध्ये अर्पणाच्या वेळी वेदीपाशी नेता येतात का, ते फादरना विचारा. आमच्याकडे लोक फळं, धान्य नेतात.

निनावी_नागपूर:

आम्ही प्रोटेस्टंट, तिसरी पिढी. आमच्या चर्चमध्ये ना येशूच्या आईचा, मरियेचा पुतळा, ना मेलेल्यांसाठी प्रार्थना. माणूस गेला की त्याचा हिशेब देवापाशी, आपण मागे राहिलेल्यांसाठी प्रार्थना करतो. म्हणून "ख्रिश्चन ओळखीचा आहे, त्याला विचारतो" असं करू नका. कॅथलिकालाच विचारा.

वसईकरीण:

अगदी. आमच्यात मृतांसाठी प्रार्थना हा मोठा भाग आहे. देवाच्या कृपेत मेलेल्या आत्म्यालाही त्याच्यासमोर जाण्याआधी शुद्ध व्हावं लागू शकतं, आणि त्या वाटेवर इथल्यांच्या प्रार्थनेचा उपयोग होतो, असं मानतो. म्हणून सातव्या, तिसाव्या दिवशी, वर्षश्राद्धासारखं वर्षानं, आणि सगळ्यांसाठी मिळून २ नोव्हेंबरला मिस्सा. तेरावं नाही. पुनर्जन्म मानत नाही, त्यामुळे कावळाही नाही. पण आजीनं स्वतःच्या अंगणात घास ठेवला तर कोण हात धरणार?

आणि मरियेची आम्ही पूजा करत नाही, मान देतो. "आमच्यासाठी विनंती कर" एवढंच तिच्याकडे मागणं. सिस्टरच्या खिशात मण्यांची माळ असेल ना, ती त्यासाठीच.

चांदागडी:

वसईच्या ताईंचं सगळं बरोबर, एक भर घालतो. चंद्रपूर, गडचिरोली, वर्धा हा भाग सीरो-मलबार चर्चच्या चांदा धर्मप्रांतात येतो. १९६२ पासून इथं त्यांचं काम, १९७७ मध्ये धर्मप्रांत झाला. पोपलाच मानतात, पण रीत केरळची. संत थॉमस इ. स. ५२ मध्ये तिथं आले अशी त्यांची परंपरा. मिस्साला ते कुर्बाना म्हणतात. वसईत ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ राखेच्या बुधवारी लागतो, यांचा सोमवारीच लागतो, आणि बरीच घरं ईस्टरपर्यंत मांस-मासे बंद ठेवतात.

म्हणजे तुमची शुक्रवारची पंगत ऐन उपवासकाळात येते, तेही शुक्रवारी, येशूच्या मरणाच्या वारी. शाकाहारी चालेल, पण पुरणपोळी आणि वडे त्या दिवशी शोभणार नाहीत. केरळच्या लोकांत ४१ वा दिवस पाळतात. तो तुमच्या हिशेबानं ईस्टरनंतर येतो. तेव्हा करा.

भगवा_७७:

एवढी आत्मीयता? किती जणांना बाटवलं त्यांनी ३२ वर्षांत, ते पण लिहा.

वर्धाकाठचा:

आमच्या गावात तरी त्यांनी कोणाचा धर्म विचारला नाही. बायांना फक्त शेवटची पाळी विचारली.

बाकी सगळ्यांचे आभार. काल मोठ्या सिस्टरकडे गेलो, आणि यावेळी "चालेल का" असं न विचारता "तुमच्यात कसं असते ते सांगा" असं विचारलं. तर बसवून तासभर बोलल्या, वर काळा चहा. शुक्रवारचं रद्द. त्या दिवशी संध्याकाळी चर्चमध्ये क्रुसाची वाट असते, येशूच्या शेवटच्या प्रवासाचे १४ टप्पे, ज्याला यायचं त्यानं यावं म्हणाल्या. पंगत ४१ व्या दिवशी, कुर्बाना झाल्यावर, शाळेच्या पटांगणात. खंजिरी भजन पंगतीच्या आधी, कबरीपाशी नाही. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, गेलेल्या सिस्टर मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला मागे येऊन बसत. हे आम्हालाच माहीत नव्हतं. ओटीचे तांदूळ अर्पणात न्यायला फादर तयार आहेत, नारळ मात्र फोडायचा नाही. आजी तांदूळ निवडायला बसलीसुद्धा.

फक्त काका राहिले. त्यांना वसईच्या ताईंचं सगळं वाचून दाखवलं. मान हलवत ऐकलं, आणि मग बोटांवर मोजून म्हणतात, "४१ वा शुक्रवारी येते. म्हणजे गुरुवार नाही. आता तिथल्या तिथंच खाऊन घेतो."

कोणी तरी सोप्या भाषेत अजून एकदा लिहा जी.