व्हिज्युअल स्टुडिओ २००८ आणि टीएफएस २०१२: तीन मशीन जोडतात, चौथं हटून बसलंय

आठ_सतराची_लोकल

नमस्कार मंडळी. प्रश्न पुराणकाळातला आहे, हसून झालं की उत्तर द्या.

आमचं छोटं ऑफिस महापेला, एमआयडीसीत. गोदामांसाठी स्टॉकचं सॉफ्टवेअर करतो. तुर्भ्याच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये आमचा प्रोग्रॅम हातातल्या स्कॅनरवर चालतो. स्कॅनरमध्ये विंडोज सीई (छोट्या उपकरणांसाठीचं विंडोज), प्रोग्रॅम कॉम्पॅक्ट फ्रेमवर्क ३.५ वर (तसंच छोटं डॉटनेट). म्हणजे ज्यात कोड लिहितो ते व्हिज्युअल स्टुडिओ २००८ सुटत नाही, कारण २०१० पासून स्मार्ट डिव्हाइस प्रोजेक्टच काढून टाकलेत. "नवीन घ्या की" म्हणणाऱ्यांनी आधी त्या गोदामाच्या सुपरवायझरला पटवून दाखवावं. जाड हातमोजे घालून त्याची बटणं दाबता येतात, टचस्क्रीनवर त्याच्या माणसांची बोटं चालत नाहीत. विषय संपला.

सोर्स कंट्रोल, म्हणजे सगळ्यांचा कोड आणि त्यातले बदल जिथे जपले जातात, ते टीएफएस २०१२ (मायक्रोसॉफ्टचं टीम फाउंडेशन सर्व्हर). सर्व्हर ऑफिसातच, पँट्रीशेजारच्या खोलीत. वेबवाली टीम व्हिज्युअल स्टुडिओ २०१२ वर, आम्ही स्कॅनरवाले चौघं २००८ वर. इतकी वर्षं दोन्ही एकाच सर्व्हरला नीट नांदत होते.

जुलैत छत गळलं आणि बरोबर माझ्या मशीनवर गळलं. नवं मशीन आलं. शेअर्ड ड्राइव्हवर सेटअपचं फोल्डर आहे, पण ज्या मुलाने पहिली तीन मशीन लावली तो केव्हाच पुण्याला गेला, आणि कुठली फाइल कधी चालवायची हे त्याच्या डोक्यात होतं. मी माझ्या अकलेने बसवलं: आधी २००८, मग सर्व्हिस पॅक १, मग टीम एक्सप्लोरर २००८ (टीएफएसशी जोडणारा भाग), शेवटी २०१२ च्या सर्व्हरसाठी असलेलं जीडीआर अपडेट.

आता गंमत बघा. अपडेट म्हणतं, ज्या प्रॉडक्टसाठी मी आहे ते या मशीनवर नाहीच. अरे बाबा, तुझ्या डोळ्यासमोर उघडं आहे! सर्व्हरचं नुसतं नाव टाकलं तर टीएफ ३१००२, जोडता येत नाही. पूर्ण पत्ता टाकला, म्हणजे एचटीटीपीपासून सुरू करून पोर्ट ८०८०, स्लॅश टीएफएस, स्लॅश डिफॉल्टकलेक्शन, तर सांगतं की नावात स्लॅश आणि कोलन चालणार नाहीत. शेजारच्या मशीनवर हाच डायलॉग, हाच पत्ता, आणि ते गपगुमान जोडतं.

पिंग लागतो. ब्राउझरमध्ये सर्व्हर उघडतो. फायरवॉल बंद करून पाहिली. माझंच लॉगिन शेजारच्या मशीनवर चालतं. दोन दिवस पेन ड्राइव्हवरून फाइली शेजारी नेऊन चेक-इन करतेय, म्हणजे सर्व्हरवर चढवतेय. काल संध्याकाळी गाडीत बसायला जागा मिळाली, आनंदात असतानाच आठवलं की दुपारी चेक-इन केलेली फाइल सकाळची होती. ऐरोली ते ठाणे, सगळा आनंद गेला.

काय राहिलंय?

ऐरोलीचा_सर्व्हरवाला

ताई, क्रम चुकलाय. टीम एक्सप्लोरर सर्व्हिस पॅकच्या नंतर बसवलात, तिथेच घोळ.

सर्व्हिस पॅक चालतो तेव्हा मशीनवर जे आधीपासून आहे तेवढ्यालाच तो पॅच लावतो. तुमच्याकडे त्या वेळी टीम एक्सप्लोरर नव्हताच. नंतर आणून ठेवलात तो मूळ, बिनपॅचचा. जीडीआरला सर्व्हिस पॅक लागलेला टीम एक्सप्लोरर हवा असतो. तो सापडला नाही, म्हणून "प्रॉडक्ट नाही". त्याच्या दृष्टीने खोटं बोलत नाहीये.

खात्री करायची तर हेल्पमधल्या अबाउटवर जाऊ नका. तिथे वरच एसपी लिहिलेलं दिसतं आणि माणूस निर्धास्त होतो, पण ते आयडीईचं, म्हणजे मुख्य प्रोग्रॅमचं असतं, टीम एक्सप्लोररचं नाही. २००८ च्या फोल्डरात कॉमन७, त्याच्या आत आयडीई, तिथे टीएफ डॉट ईएक्सई आहे. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स. व्हर्जन ९.०.२१०२२ ने सुरू होत असेल तर मूळ, ९.०.३०७२९ असेल तर सर्व्हिस पॅक लागलेला. शेजारच्या मशीनवरही बघा, फरक दिसेल.

काही अनइन्स्टॉल करू नका. सर्व्हिस पॅक १ पुन्हा चालवा, संपला की जीडीआर. बस. सर्व्हिस पॅक पूर्ण आयएसओवरून चालवा, तो छोटा डाउनलोडर वापरू नका.

स्लॅशचं कारणही हेच. २००८ पर्यंत टीएफएसमध्ये एक सर्व्हर म्हणजे प्रोजेक्टचा एकच गठ्ठा होता. त्यामुळे तो डायलॉग नाव, पोर्ट आणि प्रोटोकॉल एवढंच विचारतो. कलेक्शन, म्हणजे एकाच सर्व्हरवर असे वेगवेगळे गठ्ठे, ही भानगड टीएफएस २०१० मध्ये आली, आणि जुन्या डायलॉगमध्ये ते लिहायला रकानाच नाही. अपडेट लागलं की नवा रकाना येत नाही, पण नावाच्याच रकान्यात पूर्ण पत्ता चालायला लागतो. म्हणून तुमच्या शेजारच्या मशीनवर चालतं.

नौपाड्याचे_काका

वरचं बरोबर आहे. मी याच खड्ड्यात पडलोय, फक्त बीआयडीएसमुळे. एसक्यूएल सर्व्हर २००८ चे रिपोर्ट बनवायचं ते टूल आतून व्हिज्युअल स्टुडिओ २००८ चंच कवच आहे. वाटलं नव्हतं की त्यालाही हे सगळं वेगळं लागेल. टीम एक्सप्लोरर, मग सर्व्हिस पॅक, मग अपडेट, अगदी हाच क्रम.

माझं एक जुनं व्हीबी ६ चं बिलिंगही टीएफएसवर आहे, ते एमएसएससीसीआय प्रोव्हायडरमधून. व्हीबी ६ म्हणजे १९९८ चा माल, त्याला सोर्ससेफची (मायक्रोसॉफ्टच्या जुन्या सोर्स कंट्रोलची) भाषा येते, प्रोव्हायडर मधे बसून दुभाषाचं काम करतो. पण त्या दुभाषालाही त्याच्याच सालचा टीम एक्सप्लोरर मशीनवर लागतो. शेवटी सगळे रस्ते टीम एक्सप्लोररकडेच येतात, जसं आमच्याकडे कुठूनही निघा, तीन हात नाक्याला अडकायचंच.

कमिट_कर_बाबा

पेन ड्राइव्ह?? ताई, गिट वापरा, तेही सोर्स कंट्रोलच. आयडीई कुठल्या सालची आहे याच्याशी गिटचा काही संबंध नाही, बाहेरून कमांड मारा, संपलं. टीएफएसमध्ये गिट असतंच की.

ऐरोलीचा_सर्व्हरवाला

@कमिट_कर_बाबा, मुद्दा बरोबर, पण यांच्या सर्व्हरवर नाही. ऑफिसात बसवायच्या टीएफएसमध्ये गिट २०१३ पासून आलं. यांचा २०१२ आहे. वेगळं गिट उभं करता येईल, पण मग वेबवाले इकडे आणि स्कॅनरवाले तिकडे. दोघांची सामाईक लायब्ररी असेल तर आणखी मजा.

आठ_सतराची_लोकल

सामाईक लायब्ररी आहेच. बारकोडची.

तर झालं असं. टीएफ डॉट ईएक्सई बघितली: माझ्याकडे २१०२२, शेजारी ३०७२९. दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी उघडून बघत बसले होते, साहेब मागून म्हणाले, "काय, फरक ओळखा खेळताय का?" सर्व्हिस पॅक सकाळी अकराला लावला, डबा खाऊन आले तरी चालूच. त्यानंतर जीडीआर मिनिटभरात बसलं, एक शब्द उलट बोललं नाही. पत्ता टाकला, स्लॅशसकट. जोडलं! टीम प्रोजेक्टची यादी आली तेव्हा शेजारच्याने टाळी दिली.

पण आनंद पाच मिनिटांचा. त्या दोन दिवसांत कोड निदान वाचता तरी यावा म्हणून मी याच मशीनवर २०१२ मधून सगळं डी ड्राइव्हवर उतरवून घेतलं होतं. आता २००८ मधून तेच फोल्डर मॅप करायला जाते तर म्हणतं, हे फोल्डर दुसऱ्या वर्कस्पेसमध्ये (सर्व्हरवरचा कोड मशीनवर कुठल्या फोल्डरात, त्या नोंदीत) आहे. आणि ते दुसरं वर्कस्पेस २००८ मध्ये काही केल्या वापरता येत नाही. फोल्डर उडवून नव्याने घेऊ का? त्यात मी दोन फाइली बदलल्यात.

ऐरोलीचा_सर्व्हरवाला

थांबा, उडवू नका.

२०१२ ने ते लोकल वर्कस्पेस म्हणून बनवलंय. हा प्रकारच २०१२ चा. कुठल्या फाइली बदलल्या याचा हिशोब तुमच्या डिस्कवरच ठेवला जातो. त्या फोल्डरात लपवलेल्या फाइली दाखवा म्हटलंत तर डॉलर टीएफ नावाचं फोल्डर दिसेल, तीच वही. २०१० आणि त्याआधीच्या क्लायंटना ती वही वाचता येत नाही. त्यांना जुन्या पद्धतीचं सर्व्हर वर्कस्पेस लागतं, जिथे हिशोब सर्व्हरकडे असतो.

आधी २०१२ मधून त्या दोन फाइली शेल्व्ह करा, म्हणजे चेक-इन न करता सर्व्हरवर बाजूला ठेवा. मग तिथेच फाइल, सोर्स कंट्रोल, अॅडव्हान्स्ड, वर्कस्पेसेस. तुमचं वर्कस्पेस निवडून एडिट, त्यात अॅडव्हान्स्ड, आणि लोकेशनच्या जागी लोकल आहे तिथे सर्व्हर करा. फाइली रीड-ओन्ली होतील, दचकू नका, सर्व्हर वर्कस्पेसमध्ये चेक-आउट केल्याशिवाय फाइल लिहिता येत नाहीच. मग २००८ च्या कमांड प्रॉम्प्टवर टीएफ वर्कस्पेसेस कमांड सर्व्हरच्या पत्त्यासकट एकदा मारा, म्हणजे त्याची कॅश ताजी होईल.

अॅडमिनचे हक्क असतील तर २०१२ मधून टीम प्रोजेक्ट कलेक्शनच्या सोर्स कंट्रोल सेटिंगमध्ये जाऊन नव्या वर्कस्पेसचा डिफॉल्टच सर्व्हर करून टाका. नाहीतर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा इथे भेटू.

आठ_सतराची_लोकल

चाललं! सगळं. आज पेन ड्राइव्ह पर्समध्येच राहिला.

पहिल्या चेक-इनला एक चेतावणी आली, पॉलिसी (चेक-इनआधी तपासायचा नियम) लोड होत नाही म्हणून. वेबवाल्यांनी २०१२ साठी बनवलेली पॉलिसी आहे. कारण लिहून ओव्हरराइड केलं. बाकी तिघंही तेच करतात असं आज कळलं. कारणाच्या रकान्यात एकाने वर्षभर "नेहमीचंच" असं लिहिलंय.

ऐरोलीचा_सर्व्हरवाला

पॉलिसीचा कोड सर्व्हरवर नाही, क्लायंटवर चालतो. २००८ साठी वेगळी बिल्ड करून चौघांच्या मशीनवर बसवावी लागेल. ज्याने २०१२ ची लिहिली त्याच्याकडे सोर्स असेल.

आठ_सतराची_लोकल

ज्याने लिहिली तो पुण्याला गेला.

असो. आणखी एक, आता विचारूनच टाकते. साहेब म्हणतायत हे सगळं एका व्हर्च्युअल मशीनमध्ये बसवून ठेवू, म्हणजे छत गळलं तरी कॉपी उचलायची. त्यांना पटवायला मी नाही, मागच्या वर्षीचा किस्सा पुरला: एका नव्या मुलाने आमचं सोल्युशन २०१० मध्ये उघडलं, त्याने कन्व्हर्ट करू का विचारलं, पोराने हो म्हटलं आणि चेक-इन करून मोकळा. सोल्युशनचा फॉरमॅट १०.०० चा ११.०० झाला, २००८ ने उघडायलाच नकार दिला, आणि स्कॅनरचे प्रोजेक्ट तर २०१० मध्ये लोडही झाले नव्हते. मागची आवृत्ती परत आणली, पण त्या दिवशी तुर्भ्याला बिल्ड द्यायची होती.

अडचण स्कॅनरच्या क्रेडलची, म्हणजे तो संगणकाला जोडायच्या स्टँडची आहे. व्हर्च्युअल मशीनमध्ये तो यूएसबीवर दिसतो आणि लगेच गायब होतो. कुणी केलंय का?

नौपाड्याचे_काका

मी केलंय. गेस्टमध्ये, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या आत, विंडोज ७ ठेवलं आहे आणि त्यातच विंडोज मोबाइल डिव्हाइस सेंटर (स्कॅनरशी बोलणारं सॉफ्टवेअर). होस्टवर, म्हणजे बाहेरच्या खऱ्या मशीनवर, ते अजिबात ठेवायचं नाही, नाहीतर क्रेडल लावला की होस्टच आधी ओढून घेतो. तुमच्या होस्टवर आहे का?

आठ_सतराची_लोकल

आहे ना काका. परवा मीच बसवलं. सोमवारी गेल्या गेल्या काढते.